'खुले' म्हणजे कुणासाठी खुले? हनीकोंबचा कोड आणि महाडचा ठराव

'सर्वांसाठी खुले' ही पाटी दिसली की आंबेडकरी माणसाने तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. कुणासाठी खुले? कुणाच्या मर्जीने खुले? आणि उद्या बंद करायचे ठरले तर तो अधिकार कुणाच्या हातात? बाहेर खुलेपणाची पाटी लावायची आणि आतून कडी घालायची, हा प्रकार आपल्याला नवा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो पाणवठ्यावर पाहिला, देवळाच्या दारात पाहिला, शाळेच्या ओट्यावर पाहिला.

आज हेच तीन प्रश्न मी एका वेगळ्या गोष्टीला विचारणार आहे. ती गोष्ट तुमच्या खिशात आहे. भारतातल्या शंभर स्मार्टफोनपैकी नव्वदहून अधिक फोन अँड्रॉइडवर चालतात. आपल्या जयंतीच्या बैठका, शिष्यवृत्तीचे अर्ज, अत्याचाराच्या घटनेचे व्हिडिओ, मोर्चाचे निरोप, अभ्यासिकेतल्या पोरांचे पीडीएफ हे सगळे याच यंत्रणेवरून जाते. ही यंत्रणा 'खुली' आहे असे आपल्याला सांगितले जाते. ते कितपत खरे आहे हे समजायचे असेल तर २०११ सालचा एक प्रसंग नीट पाहावा लागेल.

वचन काय होते?

अँड्रॉइड ही छोटी कंपनी गुगलने २००५ साली विकत घेतली. ५ नोव्हेंबर २००७ रोजी गुगलने फोन बनवणाऱ्या, चिप बनवणाऱ्या आणि मोबाइल सेवा देणाऱ्या तीसहून अधिक कंपन्यांना सोबत घेऊन 'ओपन हँडसेट अलायन्स' जाहीर केली. त्याच वर्षी ॲपलचा आयफोन बाजारात आला होता. त्याची यंत्रणा पूर्ण बंद, एकाच कंपनीच्या ताब्यात. त्यासमोर गुगलने मांडलेला मुद्दा असा होता की आमची यंत्रणा खुली आहे, तिचा सोर्स कोड कुणीही घ्यावा, बदलावा, आपल्या फोनवर चालवावा. ऑक्टोबर २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन विक्रीला आला आणि त्याच सुमारास कोडही खुला झाला.

सोर्स कोड म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर. तो हातात असेल तर यंत्र आत काय करते ते वाचता येते, चूक सापडली तर सुधारता येते, आपल्या भाषेसाठी आणि आपल्या गरजेसाठी बदलता येते. तो नसेल तर आपण फक्त वापरणारे. मालकाने दिले ते घ्यायचे आणि गप्प बसायचे.

या वचनाचा फायदा झाला, हे आधी मान्य केले पाहिजे. कोड फुकट मिळाल्यामुळे लहान-मोठ्या शेकडो कंपन्यांनी स्वस्त फोन काढले. ज्या वस्तीत कॉम्प्युटर कधी आला नाही तिथे स्मार्टफोन आला तो अँड्रॉइडमुळे. ज्या पोराच्या घरी वर्तमानपत्रही येत नव्हते, त्याने बाबासाहेबांचे इंग्रजी खंड पहिल्यांदा फोनवर उघडले. म्हणून अँड्रॉइडला सरसकट शिव्या घालणे हा माझा हेतू नाही. वचनामुळे एवढे मिळाले, तर वचन मोडले तेव्हा काय गेले, एवढाच माझा प्रश्न आहे.

२०११: नवी आवृत्ती आली, कोड आला नाही

२०११ च्या सुरुवातीला अँड्रॉइडच्या पुढच्या आवृत्तीची मोठी उत्सुकता होती. ॲपलचा आयपॅड एक वर्षापूर्वी आला होता आणि टॅबलेटसाठी खास बनवलेली अँड्रॉइड ३.०, म्हणजे 'हनीकोंब', त्याला उत्तर देणार होती. फेब्रुवारी २०११ मध्ये मोटोरोलाचा 'झूम' हा टॅबलेट हनीकोंब घेऊन अमेरिकेत विक्रीला आला. जगभरचे प्रोग्रॅमर, विद्यार्थी आणि लहान कंपन्या कोडची वाट पाहत बसल्या.

मार्चच्या अखेरीस गुगलने सांगितले की हनीकोंबचा कोड सध्या देणार नाही. अँड्रॉइडचे प्रमुख अँडी रुबिन यांनी दिलेले कारण असे होते की टॅबलेट वेळेत आणण्यासाठी आम्ही काही तडजोडी केल्या, हा कोड फोनसाठी तयार नाही आणि तो बाहेर दिला तर लोक तो फोनवर चढवतील आणि वाईट अनुभव घेतील. काही महिन्यांपूर्वीच, ऑक्टोबर २०१० मध्ये, स्टीव्ह जॉब्स यांनी अँड्रॉइडच्या खुलेपणावर टीका केली तेव्हा याच रुबिन यांनी ट्विटरवर कोड उतरवून घेण्याच्या आज्ञा लिहून 'खुले म्हणजे हे' असे उत्तर दिले होते. त्या आज्ञा चालवून हनीकोंब मात्र कुणालाच मिळत नव्हते.

कुणालाच, असे म्हणणेही चूक आहे. मोटोरोला, सॅमसंग, एचटीसी अशा मोठ्या भागीदारांना कोड मिळतच होता. त्यांचे टॅबलेट बाजारात येत होते. कोड नव्हता तो बाकीच्यांना. रांगेत पुढे कोण आणि मागे कोण हे गुगल ठरवत होते.

ऑक्टोबर २०११ मध्ये हाँगकाँगला अँड्रॉइड ४.० म्हणजे 'आइस्क्रीम सँडविच' जाहीर झाले. आता तरी कोड येईल का, की खुलेपणाचा हा शेवट आहे, अशी चर्चा सुरू होती. १४ नोव्हेंबर २०११ रोजी तो आला. हनीकोंबचे कामही त्याच्या इतिहासात दडलेले होते, पण स्वतंत्र आवृत्ती म्हणून हनीकोंब कधीच दिले गेले नाही. झूम विक्रीला आल्यापासून साडेआठ महिने 'खुली' यंत्रणा बंद होती.

याच काळात भारतात काय चालले होते? ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी सुमारे सव्वादोन हजार रुपयांचा 'आकाश' टॅबलेट गाजावाजा करून आणला. त्यात अँड्रॉइड २.२ होते, फोनसाठी बनवलेली जुनी आवृत्ती. कोड बंद होता म्हणून आकाश फसला असे मी म्हणणार नाही, कारण ते खोटे ठरेल. त्याचा प्रोसेसर आणि मेमरी इतकी कमी होती की हनीकोंब त्यावर चाललेच नसते. पण टॅबलेटसाठी बनवलेल्या आवृत्तीचा कोड वाचून त्यातले काय हलके करता येईल हे शोधण्याची संधीही त्या काळात कुणा भारतीय अभियंत्याला नव्हती. स्वस्त यंत्राला जुना कोड आणि महाग यंत्राला नवा कोड, अशी ती उतरंड होती.

महाड आठवा

आता महाडकडे या. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात कुणी पाण्याला हात लावू शकले नाही. तीन वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या कागदाची किंमत जगाला कळली.

त्यानंतर जे झाले ते आपण फार कमी वेळा सांगतो. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. पुढे सवर्ण मंडळी कोर्टात गेली आणि त्यांनी दावा केला की हे तळे सार्वजनिक नाहीच, ते खासगी मालकीचे आहे. डिसेंबर १९२७ मध्ये कोर्टाचा मनाईहुकूम आला. खटला चालत राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. दहा वर्षे!

या इतिहासातून तीन गोष्टी निघतात. पहिली, ठराव आणि वापर यांत अंतर असते आणि सत्ता त्या अंतरात राहते. दुसरी, जे मर्जीने दिले ते मर्जीने काढून घेता येते. तिसरी, सार्वजनिक गोष्ट ताब्यात ठेवायची असेल तर शेवटचा युक्तिवाद हाच असतो की ती मुळात आमची खासगी मालमत्ता आहे.

इथे कुणी रागावून विचारेल की महाडची तुलना फोनच्या कोडशी करणे हा महाडचा अपमान नाही का? प्रश्न रास्त आहे. हनीकोंबचा कोड न मिळालेल्या माणसाला कुणी मारले नाही, त्याचा स्पर्श कुणी विटाळ मानला नाही. सत्याग्रहाहून परतणाऱ्या आपल्या माणसांना मात्र महाडात मारहाण झाली. दोन्ही दुःखे एका तराजूत घालता येत नाहीत आणि मी घालत नाही. मी तुलना करतो आहे ती यंत्रणेची. जाहीर खुलेपणा आणि प्रत्यक्ष अधिकार यांतला फरक ओळखण्याचे शास्त्र बाबासाहेबांनी आपल्याला महाडला शिकवले. ते शास्त्र फक्त पाण्यापुरते ठेवले तर आपणच त्याला लहान केले असे होईल.

हक्क आणि मेहरबानी

गुगलला कोड रोखता आला कसा? उत्तर परवान्यात आहे. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल आहे. त्याचा परवाना 'जीपीएल'. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली सुरू केलेल्या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतून तो आला. त्याची अट अशी की तुम्ही प्रोग्रॅम लोकांना दिलात तर त्याचा कोडही द्यावाच लागेल. म्हणून २०११ मध्येही तो भाग गुगलला द्यावा लागला. पण कर्नलच्या वरचा बहुतेक अँड्रॉइड 'अपाचे' परवान्याखाली आहे. त्या परवान्यात कोड बदलून बंद ठेवण्याची मुभा आहे. गुगलने कायदा मोडला नाही. त्याने फक्त दाखवून दिले की वरच्या मजल्यावरचे खुलेपण हा वापरणाऱ्याचा हक्क नव्हता, मालकाची मेहरबानी होती.

हक्क आणि मेहरबानी यांतला हा फरक आंबेडकरी माणसाला समजावून सांगावा लागू नये. बाबासाहेबांचे सगळे राजकारण या फरकावर उभे आहे. हरिजनांवर दया करा असे सांगणारे पुष्कळ होते. बाबासाहेबांनी दया नाकारली आणि लेखी, बजावता येणारे, नाकारल्यास दाद मागता येणारे हक्क मागितले. संविधानातील कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे तो यामुळेच. सद्भावनेवर विसंबून चालत नाही, हे महाडने शिकवले होते.

नंतरची पंधरा वर्षे

हनीकोंब हा अपवाद होता असे पुष्कळांना वाटले. तो अपवाद नव्हता. सप्टेंबर २०१२ मध्ये एसर कंपनी चीनमध्ये अलीबाबाच्या 'अलियुन' यंत्रणेवरचा फोन आणणार होती. कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला. गुगलचे म्हणणे होते की अलियुन ही अँड्रॉइडची विसंगत नक्कल आहे आणि अलायन्समधल्या कंपन्यांनी अशी नक्कल विकायची नाही. म्हणजे कोड घ्यायला खुला, पण तो बदलून वेगळे काही उभे केले तर भागीदारी धोक्यात.

दुसरीकडे खुल्या भागातला जीव हळूहळू काढून घेतला गेला. सर्च, कीबोर्ड, कॅलेंडर, संदेश अशा गोष्टींच्या नव्या सुधारणा गुगलच्या बंद ॲपमध्ये होत गेल्या आणि खुल्या प्रकल्पातल्या प्रती मागे पडल्या. अनेक ॲपना चालण्यासाठी 'गुगल प्ले सर्व्हिसेस' लागू लागले, आणि ते बंद आहे. तळे खुले आहे, पण पाणी आता शेजारच्या खासगी टाकीत सोडले आहे, असा हा प्रकार.

युरोपियन कमिशनने जुलै २०१८ मध्ये याच प्रकारच्या अटींबद्दल गुगलला ४.३४ अब्ज युरोचा दंड केला. भारतात तीन तरुण कायदा-अभ्यासकांच्या तक्रारीवरून चौकशी झाली आणि भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे चार निर्देश बाजूला केले. प्ले स्टोअरबाहेरून ॲप पोहोचवण्यावर गुगलने बंधन घालू नये, हा निर्देश त्या चारांत होता. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मार्च २०२५ मध्ये गुगलने सांगितले की यापुढे अँड्रॉइडचे सगळे काम आतल्या बंद शाखेत होईल आणि कोड आवृत्ती बाहेर पडल्यावरच दिला जाईल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झाले की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ॲप चढवायचे असेल तर, प्ले स्टोअरबाहेरूनसुद्धा, त्याच्या निर्मात्याने आपली ओळख गुगलकडे नोंदवलेली असली पाहिजे. २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून सुरुवात, नंतर जगभर. जगभरातून विरोध झाल्यावर जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू असे गुगल म्हणाले. पुन्हा मेहरबानीच.

आपला छापखाना कुठे आहे?

गुगलचे कारण फसवणुकीचे आहे आणि ते खोटे नाही. लग्नपत्रिकेच्या नावाने, वाहनाच्या दंडाच्या नावाने व्हॉट्सॲपवर ॲपची फाइल पाठवून खाती रिकामी करण्याचे प्रकार आपल्या वस्त्यांमध्येही झाले आहेत. त्यावर उपाय हवाच. पण चोर पकडण्यासाठी प्रत्येक लिहिणाऱ्याने एका खासगी कंपनीकडे नाव नोंदवायचे, हा उपाय आपण डोळे मिटून स्वीकारायचा का? उद्या एखाद्या कार्यकर्त्यांच्या गटाने अत्याचाराच्या नोंदी ठेवणारे ॲप बनवले आणि कुणा सत्ताधाऱ्याला ते खुपले, तर ते बंद पाडायला एकाच दारावर टकटक करावी लागेल.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा 'केसरी'ने त्याची पैसे देऊन छापायची जाहिरातही नाकारली होती. महाडच्या सत्याग्रहानंतर दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' निघाले. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने भाषणातला मजकूर कमी करायला सांगितला. बाबासाहेबांनी नकार दिला, परिषद रद्द झाली आणि 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' त्यांनी स्वखर्चाने छापून लोकांपर्यंत नेले. ज्याच्या हातात छापण्याचे आणि पोहोचवण्याचे साधन, त्याच्याच हातात 'काय बोलायचे' याचा अधिकार, हे त्यांना पुरते ठाऊक होते. आज आपल्याकडे हजारो यूट्यूब चॅनेल आहेत, व्हॉट्सॲप गट आहेत, फेसबुक पाने आहेत. छापखाना मात्र एकही आपला नाही.

भाषेचेही तेच. २०१०-११ साली ज्यांनी अँड्रॉइड फोन वापरला त्यांना आठवत असेल की मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसायचे, नाहीतर वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. ऑपेरा मिनी ब्राउजरच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरे चित्ररूपात उमटवायची युक्ती पोरे एकमेकांना सांगत. कुणी फोन रूट करून त्यात 'लोहित'सारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट घालत. आपली लिपी यंत्रात घालायला मालकाची परवानगी लागू नये, हा खुल्या कोडचा साधा, रोजचा अर्थ आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच माणसांचा: इथे भाकरीचा, आरक्षणाचा, शिष्यवृत्तीचा प्रश्न आहे आणि तुम्ही कोडचे काय घेऊन बसलात? माझे उत्तर असे की आज शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनची पडताळणी आणि रोजगार हमीची हजेरी फोनवरच होते. भाकरीचा रस्ताच ज्या यंत्रणेतून जातो, ती कोण चालवतो हे विचारणे भाकरीच्याच प्रश्नात येते.

दुसरा आक्षेप: मग स्वदेशी यंत्रणा आणू. जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या आवारातून 'भारओएस' आले तेव्हा केंद्रीय मंत्र्यांनी ते मोठ्या अभिमानाने दाखवले. पण मालक देशी आहे एवढ्याने तळे खुले होत नाही. चवदार तळ्याचे मालक म्हणवणारेही देशीच होते. स्वदेशी यंत्रणेलाही तेच विचारले पाहिजे: कोड कुठे आहे, परवाना कोणता, तपासण्याचा हक्क कुणाला?

करायचे काय?

मोठ्या घोषणा नकोत. चार कामे सुचवतो. आपल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी लिनक्सचा एक जुना कॉम्प्युटर ठेवा आणि मुलांना कोड वाचायला शिकवा. आपल्या इंजिनिअर मुला-मुलींनी फक्त पॅकेजकडे न बघता मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत, विशेषतः मराठी आणि पाली मजकुराच्या कामात, हात घालावा. संघटनेचे दस्तऐवज, फोटो आणि नोंदी एकाच कंपनीच्या खात्यावर न ठेवता त्यांची प्रत स्वतःच्या हार्डडिस्कवर ठेवा. आणि स्पर्धा आयोगाकडे किंवा सरकारकडे अशा नियमांवर हरकती मागवल्या जातील तेव्हा आपल्या संघटनांची निवेदने तिथे गेली पाहिजेत. तीन तरुणांच्या तक्रारीवर एवढा मोठा आदेश येऊ शकतो, हे आपण पाहिले आहे.

'शिका' या आदेशात आता कोड वाचायला शिकणेही येते. पुढची आवृत्ती येईल, तिचे नवे नाव आणि नवे रंग येतील, लोक रांगा लावतील. आपण त्या रांगेत उभे राहू तेव्हा हातात ते तीन प्रश्न असू द्या.

जय भीम!